सर कोणत्या बाकावर बसणार? एका निरोपाच्या सामन्याचा प्रकरण अभ्यास

शाळेच्या फुटबॉल संघाला तीन दशकांहून अधिक काळ घडवणारे सर निवृत्त होणार, हे सगळ्यांना बरंच आधी ठाऊक होतं. निरोप मैदानावरच द्यायचा, यावरही दुमत नव्हतं. शाळेचा सध्याचा संघ विरुद्ध माजी विद्यार्थी असा सामना ठरला. गाडी अडली ती एका साध्या प्रश्नावर. दोन्ही संघ सरांचेच, मग सामन्याच्या दिवशी सर बसणार कुठे?

या सामन्याच्या आयोजनात मी होतो. सुरुवातीला हा प्रश्न मलाही मांडणीपुरताच वाटला होता, खुर्ची इकडे ठेवायची की तिकडे एवढाच. पण चर्चा पुढे गेली तसं दिसलं की संघाचं पुढचं वर्ष कसं जाणार हे याच उत्तरावर ठरणार आहे. अशा सामन्यांत माणसं जीव ओततात, महिनाभर राबतात, आणि एवढं करूनही पुष्कळदा तो सामना सत्काराच्या कार्यक्रमाला जोडलेला खेळ होऊन बसतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. संबंधितांची आणि शाळेची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

आधीची स्थिती

सरांची एक पद्धत होती. सामना चालू असताना ते बाकावर क्वचितच बसत. रेषेपासून थोडं मागे उभे राहायचे, ओरडायचे नाहीत, फक्त हाताने खूण करायचे. दोन बोटं वर केली की मधल्या फळीने मागे यायचं, तळहात खाली दाबला की चेंडू पायात ठेवून वेग कमी करायचा. मुलांना या खुणा इतक्या अंगवळणी पडल्या होत्या की थ्रो-इन घेण्याआधीही त्यांची नजर आपोआप सरांकडे वळायची. ही त्या संघाची ताकद होती आणि कमजोरीही तीच होती.

सरांच्या जागी येणार होत्या ताई. त्या याच शाळेच्या माजी खेळाडू आणि गेली काही वर्षं सहायक प्रशिक्षक. मुलींचा संघ त्यांनीच उभा केला. सरांचे गुडघे दुखू लागल्यापासून रोजचा सरावही बहुतेक त्याच घेत. वॉर्म-अप, पासिंगचे खेळ, सरावाचे प्लास्टिकचे शंकू मांडणं, कुणाचे बूट फाटले आहेत हे बघणं, सगळं त्यांच्याकडे. पण सामन्याच्या दिवशी कोण खेळणार आणि कोणाला बाहेर घ्यायचं, हा शब्द सरांचा असायचा. ताईंच्या नियुक्तीचं पत्र निघालं होतं, म्हणजे कागदावर प्रश्न सुटला होता. मैदानावर तो तसाच होता. पालक ताईंच्या समोरून जाऊन सरांना विचारायचे, "सर, आमचा मुलगा शनिवारी खेळणार ना?" ताई तिथेच उभ्या असायच्या. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, वर्षानुवर्षांची सवय होती.

पहिला बेत

समितीत माजी विद्यार्थी, पालक, शिक्षक आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी असे सगळे होते, आणि प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळा सामना होता. माजी विद्यार्थ्यांना सरांसमोर पुन्हा एकदा खेळायचं होतं. व्यवस्थापनाला पाहुणे आणि भाषणं हवी होती. पालकांना आपलं मूल मैदानावर दिसायला हवं होतं. मुलांना जिंकायचं होतं, बाकी कशाशी त्यांना देणंघेणं नव्हतं, आणि मला वाटतं त्या घडीला सर्वांत निरोगी भूमिका त्यांचीच होती.

बेत असा ठरला की मैदानाच्या मध्यरेषेजवळ एक सजवलेली खुर्ची ठेवायची. सर तिथे बसतील, दोन्ही संघ येऊन त्यांना वंदन करतील, आधी तासभर भाषणं होतील आणि मग सामना. हे सगळं सरांना न सांगता करायचं, कारण त्यांना सुखद धक्का द्यायचा होता.

बैठकीत ताई फारसं बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "सर खुर्चीवर बसले तर मुलं खेळताना खुर्चीकडेच बघतील. आणि सर समोर चूक दिसत असताना गप्प बसतील, असं तुम्हाला वाटतं का?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग एकाने सुचवलं की सरांनाच पंच करू. तोही विचार थोडा वेळ चालला. साठीच्या उंबरठ्यावरच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाने दोन्ही संघांमधून पळायचं आणि आपल्याच एका विद्यार्थ्याच्या बाजूने दुसऱ्याविरुद्ध पेनल्टी द्यायची, हे फार काळ कुणाला पटलं नाही.

तेव्हा ताईंनी साधी गोष्ट केली, सरांनाच जाऊन विचारलं. सुखद धक्क्याचा बेत त्यामुळे मोडला, काहीजण नाराजही झाले. पण ज्याचा निरोप आहे त्याला न विचारता त्याच्या निरोपाचा आराखडा ठरवणं मला आजही चुकीचं वाटतं. सरांनी दोनच गोष्टी मागितल्या. एक, सामना खरा हवा, कुणी कुणाला मुद्दाम गोल करू द्यायचा नाही. दुसरी, "मला बघत बसायला लावू नका, काम द्या."

मोठ्या मैदानांवर काय झालं होतं

दुसऱ्या बैठकीआधी आमच्यातल्या एकाने जुन्या प्रशिक्षकांच्या निरोपांची माहिती काढून आणली. व्यावसायिक क्लब आणि शाळा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मान्य. पण माणसं सगळीकडे सारखीच वागतात, आणि त्या गोष्टींनी आमची चर्चा मार्गाला लावली.

सर्वांत बोलकी गोष्ट लिव्हरपूल या इंग्लिश क्लबची. बिल शँक्ली यांनी 12 जुलै 1974 रोजी पद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि त्यांचेच सहकारी बॉब पेस्ली यांच्याकडे संघ आला. ऑगस्टमध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर लीड्सविरुद्ध चॅरिटी शील्डचा, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीचा मानाचा सामना होता. त्या दिवशी लिव्हरपूलचा संघ घेऊन मैदानात आले ते शँक्ली. पेस्ली तोवर व्यवस्थापक, म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक, झालेले होते. दृश्य भावुक करणारं होतं, लोकांना ते आवडलंही. सामना मात्र धुसफुशीचा झाला. केविन कीगन आणि बिली ब्रेमनर हाणामारीपायी बाहेर गेले. लिव्हरपूल पेनल्टीवर जिंकलं. खरी अडचण त्यानंतरची होती. शँक्ली सरावाच्या मैदानावर येत राहिले आणि खेळाडू त्यांना 'बॉस' म्हणत राहिले. शेवटी क्लबला ते अवघड झालं, आणि ज्या माणसाने तो क्लब उभा केला त्याला तिथे परकं वाटू लागलं. पेस्ली यांनी पुढच्या नऊ वर्षांत सहा वेळा लीग आणि तीन वेळा युरोपियन कप जिंकला. म्हणजे वारसदार भक्कम होता आणि जाणारा माणूस निर्मळ मनाचा होता. तरीही दोघांना त्रास झाला, कारण अधिकार एकाकडून दुसऱ्याकडे कधी गेला हे कुणाला दिसलंच नाही.

मँचेस्टर युनायटेडमध्ये मॅट बस्बी 1969 मध्ये बाजूला झाले, पण क्लबमध्येच वरच्या पदावर राहिले. त्यांच्या जागी आलेले विल्फ मॅकगिनेस डिसेंबर 1970 पर्यंतच टिकले आणि संघ पुन्हा बस्बींकडे आला. त्याच क्लबात ॲलेक्स फर्ग्युसन यांनी मे 2013 मध्ये घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यानंतर माइक हातात घेऊन चाहत्यांना सांगितलं की आता नव्या व्यवस्थापकाच्या पाठीशी उभं राहणं हे तुमचं काम आहे. त्यानंतर आठवड्याभराने त्यांचा अखेरचा सामना वेस्ट ब्रॉमविचविरुद्ध 5-5 असा सुटला. सहा वर्षांच्या करारावर आलेले डेव्हिड मॉयेस पुढच्या एप्रिलमध्येच गेले. यावरून मी एवढंच घेतो की चार शब्द बोलल्याने अधिकार पुढच्या माणसाकडे जात नाही.

हे ऐकून झाल्यावर बैठकीत बराच वेळ कुणी खुर्चीचा विषय काढला नाही.

निर्णय

तोडगा ताईंनी सुचवला आणि सरांनी तो लगेच उचलला. पहिल्या अर्ध्यात सर शाळेच्या बाकावर, नेहमीसारखे प्रशिक्षक म्हणून. मध्यंतरात ते उठतील, मैदान ओलांडतील आणि दुसऱ्या अर्ध्यात माजी विद्यार्थ्यांचे प्रशिक्षक होतील. शाळेचा संघ त्या क्षणापासून ताईंचा. तोही कुणाविरुद्ध, तर ज्याला या मुलांची प्रत्येक खोड ठाऊक आहे त्याच माणसाविरुद्ध.

विरोध झाला. "निरोपाच्या दिवशी सरांना स्वतःच्या मुलांविरुद्ध उभं करायचं?" असं एका ज्येष्ठ शिक्षकांनी विचारलं, आणि त्यांचा प्रश्न मनापासून होता. मला मात्र या मांडणीतली हीच गोष्ट मोलाची वाटली. मुलांनी सवयीने सरांकडे पाहिलं तर त्यांना खूण दिसेल, पण ती समोरच्या संघासाठीची असेल. सरांचं ऐकायची सोयच उरणार नव्हती, मग ताईंचं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि सरांनाही गप्प बसायचं नव्हतं. त्यांना काम होतं, तेही अवघड.

फुटबॉलच्या नियमांत यासाठी एक उपयोगी तरतूद आधीपासून आहे. बाकाभोवतीच्या तांत्रिक क्षेत्रातून एका वेळी एकाच व्यक्तीने डावपेचाच्या सूचना द्यायच्या असतात. शालेय मैदानावर हे क्वचित पाळलं जातं. प्रशिक्षक, सहायक, दोन पालक आणि मागच्या वर्षीचा कर्णधार सगळे एकाच वेळी ओरडत असतात. आम्ही हा नियम अक्षरशः पाळायचं ठरवलं. बाकापासून दोन्ही बाजूंना एक मीटर आणि पुढे मैदानाच्या रेषेच्या एक मीटर अलीकडेपर्यंत चुन्याने चौकट आखली, आणि पंचांना सांगितलं की दुसऱ्या कुणी सूचना दिली तर त्याला समज द्या.

भाषणांवरही वाद झाला. तो लवकर मिटला, कारण मुद्दा शरीराचा होता. वॉर्म-अप करून घाम आलेली मुलं आणि चाळिशीतली माणसं तासभर भाषणं ऐकत उभी राहिली तर स्नायू पुन्हा थंड पडतात. भाषण सामन्यानंतर आणि एकच ठेवलं, कर्णधाराचं. पाहुण्यांची समजूत काढावी लागली.

वीस वर्षांच्या आणि पन्नास वर्षांच्या पायांची गोष्ट

इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण अशा सामन्यांत सर्वांत कमी विचार याचा होतो आणि सर्वांत मोठा धोकाही इथेच असतो.

माजी विद्यार्थ्यांच्या यादीत नुकते कॉलेजात गेलेले होते, तसे सरांच्या पहिल्या संघातले पन्नाशीचेही होते. त्यातल्या अनेकांनी कित्येक वर्षांत धावण्याचे बूट घातले नव्हते. डोक्यात मात्र सगळे सोळा वर्षांचेच होते. तिशी-चाळिशीतला माणूस बऱ्याच काळाने एकदम जोरात पळतो, तेव्हा पोटरी, मांडीच्या मागचा स्नायू किंवा टाचेच्या वरची जाड शीर दगा देते. त्याहून गंभीर बाजू हृदयाची. 12 जून 2021 रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन ऐन सामन्यात कोसळला, तो तर नियमित तपासणी होणारा ऐन तारुण्यातला व्यावसायिक खेळाडू होता. मैदानावरच छातीदाब आणि विजेचा झटका देणारं यंत्र मिळालं म्हणून तो वाचला. यंत्र लागायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी होते, असं वैद्यकीय मार्गदर्शनात सांगितलं जातं.

म्हणून यंत्राची आणि रुग्णवाहिकेची सोय झाल्याशिवाय तारीख पक्की करायची नाही, असं ठरलं. छातीदाब कसा द्यायचा, म्हणजे मिनिटाला 100 ते 120 वेळा आणि प्रौढ माणसाच्या छातीच्या मधोमध पाच ते सहा सेंटिमीटर खोल, हे दोन शिक्षकांनी आणि दोन माजी विद्यार्थ्यांनी प्रशिक्षण घेऊन शिकून घेतलं. ते चौघे सामन्यात खेळले नाहीत. त्यांतला एक त्याच्या काळचा उत्तम आघाडीपटू होता. त्याने स्वतःहून खेळणं सोडलं, याची नोंद इथे झालीच पाहिजे.

वॉर्म-अपसाठी फिफाचा '11+' हा कार्यक्रम घेतला. तो साधारण वीस मिनिटांचा असतो. आधी सावकाश धावणं, मग ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम, शेवटी वेगाने धावणं आणि दिशा बदलणं. एका दिवशी करून त्याचा खरा फायदा मिळत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा करावा लागतो. म्हणून माजी विद्यार्थ्यांना त्यातले व्यायाम काही आठवडे आधीच पाठवले होते. ज्यांनी ते केले ते सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी ओळखू आले, कारण ते नीट चालत होते.

मैदानावरचे नियमही बदलून घेतले. तीस-तीस मिनिटांचे दोन अर्धे. बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकेल, कारण मुलांच्या, ज्येष्ठांच्या आणि हौशी फुटबॉलमध्ये अशी मोकळीक देता येते. चाळिशीच्या वरच्यांनी सलग दहा मिनिटांहून जास्त खेळायचं नाही. प्रौढ आणि शाळकरी मूल आमनेसामने असताना घसरत जाऊन चेंडू काढायचा नाही. शिन गार्डशिवाय, म्हणजे नडगीवरच्या संरक्षक पट्टीशिवाय, कुणालाही प्रवेश नाही. आणि वॉर्म-अप चुकवला तर जर्सी मिळणार नाही.

या शेवटच्या नियमाची परीक्षा लगेच झाली. एकेकाळचा कर्णधार असलेला एक दादा वॉर्म-अप संपता संपता पोहोचला. ताईंनी जर्सी द्यायला नकार दिला. तो चिडला, लांबून आलोय म्हणाला, आणि थेट सरांकडे गेला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जर्सी ताई देतात. त्यांना विचार." त्याने बाजूला जाऊन एकट्याने पूर्ण वॉर्म-अप केला आणि दुसऱ्या अर्ध्यात खेळला. खरं तर त्या दिवशी अधिकार बदलला तो मध्यंतराच्या आधीच, या एका वाक्याने.

सामना

पहिल्या बेतात मुलींच्या संघाचा कुणी विचारच केला नव्हता. तो दोष ताईंच्या आग्रहामुळे दूर झाला. शाळेच्या संघात मुलं आणि मुली दोन्ही होते, गोलरक्षक मुलगी होती. माजी विद्यार्थ्यांच्या संघातही ताईंच्या हाताखाली खेळलेल्या काही जणी होत्या.

पहिला अर्धा सरांचा. जुने खेळाडू समोर होते आणि सरांना त्यांचंही सगळं आठवत होतं. "तो अजून उजवीकडेच वळतो, डावी बाजू मोकळी सोडा," एवढं त्यांनी मधल्या फळीतल्या मुलीला सांगितलं आणि तिने त्या पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थांकडून तीनदा चेंडू काढून घेतला. प्रेक्षकांत हशा झाला, त्या गृहस्थांनाही हसू आवरेना. मध्यंतराला शाळा 2-1 ने पुढे होती. ताई शेजारी उभ्या होत्या आणि त्यांनी एकही सूचना दिली नाही. नियम त्यांनाही लागू होता.

मध्यंतरात सर उठले. मुलांना एवढंच म्हणाले, "आता मी तिकडे चाललो. मला हरवा." आणि मैदान ओलांडून गेले. दोन्ही संघ टाळ्या वाजवत उभे राहिले. सोहळा म्हणाल तर एवढाच.

दुसऱ्या अर्ध्याच्या पहिल्या दहा मिनिटांत शाळेचा संघ भांबावून गेला. सरांना माहीत होतं की डावा बचावपटू दडपण आलं की आत वळतो आणि चेंडू मागे गोलरक्षकाकडे देतो. त्यांनी माजी विद्यार्थ्यांतल्या सर्वांत ताज्या दमाच्या दोघांना त्याच्यावर सोडलं. पहिल्यांदा चेंडू बाहेर गेला. दुसऱ्यांदा मागे दिलेला पास हुकला आणि गोल झाला, 2-2. तो मुलगा सवयीने सरांकडे बघत राहिला. सरांचे हात हलत होते, पण ते दुसऱ्या कुणाला तरी पुढे ढकलण्यासाठी.

आता सगळ्यांच्या नजरा ताईंवर होत्या. बाकावर दुसरा बचावपटू तयार होता, आणि बदली करणं सोपं होतं. ताईंनी ती केली नाही. त्यांनी मधल्या फळीतल्या मुलीला मागे त्या मुलाच्या जवळ आणलं, म्हणजे त्याला चेंडू द्यायला एक जवळची जागा मिळाली. गोलरक्षकाला सांगितलं की चेंडू आला की लगेच दुसऱ्या बाजूला लांब मार. मुलाला ओरडून फक्त म्हणाल्या, "तिच्याकडे बघ, तिकडे नको." पुढच्या पाच-सहा मिनिटांत त्याने दोनदा दोघांमधून चेंडू बाहेर काढला. सरांचा सापळा निष्फळ झाला आणि त्यांना दुसरा विचार करावा लागला.

शेवटच्या मिनिटांत एका कॉर्नरवर, उशिरा आलेल्या त्याच दादाने डोक्याने गोल केला. 3-2. शाळेचा एक फटका खांबाला लागून परतला आणि शिट्टी झाली. मुलं हरली. गोलरक्षक मुलगी रडली, डावा बचावपटू बराच वेळ मान खाली घालून बसला.

एका पाहुण्यांनी उघड बोलून दाखवलं की निरोपाच्या दिवशी तरी शाळेला जिंकू द्यायला हवं होतं. मला ते अजिबात पटत नाही. सरांची पहिली मागणीच ती होती. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना प्रामाणिक खेळ शिकवला, त्याच्या नावाने खोटा सामना खेळला असता तर तो त्यांचा अपमान ठरला असता. मुलांनाही ते कळलं असतं. मुलांना असल्या गोष्टी सर्वांत आधी कळतात.

हस्तांदोलनाच्या वेळी मी जवळच होतो. ताईंनी विचारलं, "सर, त्याला बाहेर घ्यायला हवं होतं का?" सर म्हणाले, "मी घेतला असता. तू ठेवलास, ते बरं केलंस. आता तो पुढच्या सामन्यात घाबरणार नाही."

नंतरचं काम

सामन्याची छायाचित्रं फिरत राहिली, पण कष्टाचं काम त्यानंतर सुरू झालं. सरांच्या डोक्यात असलेलं बरंचसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. कोणाला दम्याचा त्रास आहे आणि त्याचा पंप बॅगेच्या कोणत्या कप्प्यात असतो, कोणाचा घोटा पूर्वी दोनदा मुरगळला आहे, कोणाच्या घरून बूट घेणं जमत नाही आणि त्याला ते न दुखावता कसे द्यायचे, कोणाला सगळ्यांसमोर बोललं तर तो आठवडाभर मिटून जातो. अशी माहिती एकाच माणसाच्या स्मरणात असणं ही संघासाठी जोखीम असते.

मोठ्या फुटबॉलमध्येही हे दिसतं. सय्यद अब्दुल रहीम मुळात शाळेतले शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारताने 1951 आणि 1962 मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि 1956 च्या ऑलिंपिकमध्ये चौथं स्थान मिळवलं. 1963 मध्ये त्यांचं निधन झालं. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेलं नाही. याला कारणं अनेक आहेत, पण शिक्षक-प्रशिक्षकाबरोबर किती काय निघून जाऊ शकतं, याचा अंदाज त्यावरून येतो.

सर आणि ताई संध्याकाळी बसायचे, सर सांगायचे आणि ताई लिहून घ्यायच्या. एक वही प्रत्येक खेळाडूची, दुसरी साहित्याची आणि मैदानाच्या परवानग्यांची. आरोग्याची माहिती वेगळी ठेवली. ती ग्रुपवर टाकायची नाही, फक्त ताई आणि प्रथमोपचार करणाऱ्या शिक्षकांकडे राहील. सामन्याच्या आधीच हे व्हायला हवं होतं असं मला वाटतं. आधी झालं असतं तर ताईंना त्या डाव्या बचावपटूची सवय मध्यंतराआधी लेखी माहीत असती.

सरांच्या पुढच्या येण्याजाण्याबद्दलही दोघांनी स्पष्ट बोलून घेतलं. पहिल्या स्पर्धेपर्यंत सर सरावाला येणार नाहीत. पालकांचा फोन आला तर त्यांचं उत्तर एकच असेल, "ताईंशी बोला." त्यानंतर ताईंनी बोलावलं तर येतील, आणि आले तरी चौकटीबाहेर उभे राहतील. हे ठरवताना सरांना त्रास झाला, ते त्यांनी लपवलं नाही. "रिकामी संध्याकाळ काय करायची असते, ते मला माहीत नाही," असं ते म्हणाले. त्यावर ताईंनी सगळ्यांत लहान, नव्याने चेंडूला पाय लावणाऱ्या मुलांचा गट आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे दिला. तो वेगळ्या वाराला भरतो, म्हणजे मुख्य संघाशी त्याची गाठ पडत नाही. सर तिथे रमले आहेत. त्या मुलांना ते कोण होते हे ठाऊक नाही. त्यांच्यासाठी ते फक्त चेंडू कसा थांबवायचा ते दाखवणारे आजोबा आहेत.

पहिल्या स्पर्धेत संघ दुसऱ्या फेरीत हरला. दोन पालकांनी सरांना फोन केला, दोघांनाही ठरलेलं उत्तर मिळालं. तिसरा फोन आला नाही.

व्यवस्थापनाने हा सामना सरांच्या नावाने दरवर्षी भरवायचा प्रस्ताव ठेवला. सरांनी नावाला नकार दिला, सामन्याला दिला नाही. मध्यंतरात प्रशिक्षकांनी बाजू बदलायची पद्धत पुढे ठेवायची की नाही, यावर अजून एकमत नाही. माझं मत असं की ती एका माणसासाठी आणि एका वेळेसाठी होती. दरवर्षी केली तर तिचा नुसता खेळ होईल. ताईंनी मात्र पुढच्या वर्षासाठी एक बदल सुचवला आहे आणि तो मान्यही झाला आहे. माजी विद्यार्थ्यांच्या संघातल्या निम्म्या जागा माजी खेळाडू मुलींना मिळतील, आणि त्यांना वॉर्म-अपचे व्यायाम दोन महिने आधी जातील.